बिऱ्हाड निघण्याआधीचा बाजार : बालकुपोषणावरील एका खाद्यमेळाव्याचा प्रकरण अभ्यास

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुडा जिथे सपाटीला टेकतो तिथे, शहादा तालुक्यातील एका गावी दर आठवड्याला बाजार भरतो. वरच्या पाड्यांवरची पावरा आणि भिल्ल कुटुंबे डोक्यावर पाट्या घेऊन उतरतात, खालच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यातील शेतकरी मिरची, केळी आणि भाजीपाला घेऊन येतात, आणि पावरी, भिल्ली, अहिराणी, गुजरी अशा बोलींत एकाच वेळी भावताव चालतो. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे बाजार मात्र निराळे असतात. मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, ऊसतोडीची उचल (आगाऊ मजुरी) हातात आलेली कुटुंबे त्या दिवसांत ताडपत्री, पत्र्याचा डबा, कोयता, मीठ-मिरची आणि तेल असा बिऱ्हाडाचा बाजार करतात, आणि दिवाळी आटोपली की ट्रकमध्ये बसून दक्षिण गुजरातेत बारडोली-व्याऱ्याकडच्या ऊसतोडीच्या फडांवर निघून जातात, ती होळीच्या सुमारास परततात. अंगावर पिणारी आणि नुकतीच पाऊल टाकू लागलेली मुलेही त्यांच्याबरोबर जातात.

याच गावात आमच्या लहानशा गटाने बालकुपोषणाबाबत जाणीव वाढावी म्हणून दोन वर्षांत दोन सार्वजनिक खाद्यमेळावे घेतले. मी दोन्हींच्या आखणीत होते. पहिला मेळावा लोकांच्या लक्षात राहिला तो रांगोळीसाठी आणि दुसऱ्यात काही तरी हाती लागले. दोन्हींतील फरक पैशाचा नव्हता, माणसांच्या तळमळीचाही नव्हता. पहिल्या वेळी आम्ही पदार्थ मांडले आणि दुसऱ्या वेळी मुलाची वाटी मांडली, एवढाच तो फरक होता, आणि तो कळायला आम्हाला एक वर्ष लागले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३६.१ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची, ३५.२ टक्के वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोड आहेत. नंदुरबार जिल्ह्यात कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. त्याच पाहणीतील दुसरा एक आकडा मला याहून अधिक बोलका वाटतो. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी ज्यांना पुरेसा आहार मिळतो, अशी मुले देशभरात जेमतेम ११ टक्के आहेत. म्हणजे या वयात पुरेसे न मिळणे ही केवळ गरिबाघरची गोष्ट नाही, खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांतही ते घडते. कारण या वयाच्या मुलाला काय, किती दाट आणि दिवसातून किती वेळा भरवायचे, हे घरोघरी सवयीने ठरते.

पहिला मेळावा सप्टेंबरात घेतला. २०१८ पासून सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण महिना म्हणून पाळला जातो, त्यामुळे अंगणवाडी सेविका, बचत गट, ग्रामपंचायत सगळे तयार होते. ठरलेल्या पद्धतीने पाककृती स्पर्धा ठेवली. शाळेच्या आवारात टेबले लावली, त्यांवर पांढरे कापड, पुढे धान्याची रांगोळी. नाचणीचा केक होता आणि त्यावर काजू लावलेले होते. शेवग्याच्या पाल्याची थालीपिठे होती आणि त्यांच्याभोवती गाजराची कापलेली फुले होती. पाहुण्यांची भाषणे लांबली, परीक्षक उशिरा आले. त्या वेळात एका टेबलाशी उभ्या असलेल्या बाईच्या कडेवरचे मूल थालीपिठाकडे झेपावले आणि मांडणी बिघडेल म्हणून तिनेच त्याचा हात मागे घेतला. मूल रडू लागल्यावर तिने कनवटीचे पाच रुपये देऊन बिस्किटाचा पुडा मागवला. कुपोषणाच्या मेळाव्यात त्या मुलाने जे खाल्ले ते एवढेच. ते दृश्य मी आजही विसरू शकत नाही.

त्याच दिवशी दुसरी चूक घडली, आणि ती पहिलीपेक्षा गंभीर होती. प्रवेशाशीच आम्ही दंडघेर मोजण्याची व्यवस्था केली होती. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित, साडेअकरा ते साडेबारा असेल तर मध्यम कुपोषित धरले जाते. पट्टीवर लाल, पिवळा, हिरवा असे रंग असतात. एका तरुण आईच्या मुलाचा दंड लाल पट्ट्यात आला तेव्हा रांगेतल्या बायका वाकून बघू लागल्या. कोणी वाईट बोलले नाही. परंतु तिने मुलाला पदराखाली घेतले, चप्पल पायात सरकवली आणि ती फाटकाबाहेर पडली. ज्या एका मुलासाठी तो सगळा खटाटोप सार्थकी लागला असता, ते मूल मेळाव्यात पाच मिनिटेही थांबले नाही. दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सेविका तिच्या पाड्यावर गेली तेव्हा ती निंदणीला गेलेली होती, आणि पुढे आठ दिवस ती भेटली नाही.

वर्षभराने पुन्हा मेळावा घ्यायचा ठरला तेव्हा आम्ही आधी तीन पाड्यांवर जाऊन आज्यांशी बोललो. आज्यांशी एवढ्यासाठी, की पहिल्या मेळाव्याला दोन वर्षांखालील मुलांच्या आया फारशा आल्याच नव्हत्या. सप्टेंबरात त्या दिवसभर कापूस-मिरचीच्या शेतात असतात आणि घरी मुलाला भरवते ती आजी. त्या बोलण्यातून जे उलगडले त्याने सगळी आखणी बदलली. मुलाला सहा महिने झाले की उष्टावण होते, पण त्यानंतर बराच काळ त्याच्या वाट्याला येते ते वरणावरचे पाणी, चहात बुडवलेले बिस्किट आणि केव्हा तरी भाताची पेज. मग दात आले की थेट भाकरीचा तुकडा हातात. या दोन टोकांच्या मधले, म्हणजे साधारण सहा महिने ते दीड वर्षाचे जेवण घरात वेगळे शिजतच नाही. मुलाला भूक नाही, ते दोन घास खाऊन तोंड फिरवते, ही तक्रार जवळपास प्रत्येक घरी ऐकू आली.

यामागचे कारण साधे आहे, आणि ते समजावण्यासाठीच मेळावा हवा होता. आठ किलो वजनाच्या मुलाच्या पोटात एका वेळी साधारण एक वाटी, म्हणजे अडीचशे मिलिलिटरच्या आत-बाहेर अन्न मावते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला आईच्या दुधाव्यतिरिक्त दिवसाला सुमारे ५५० किलोकॅलरी वरच्या अन्नातून मिळायला हव्यात. वाटी पाण्याने भरली तर पोट भरते, मूल तोंड फिरवते आणि शक्ती मात्र मिळत नाही. म्हणून प्रश्न वाटी किती मोठी हा नसून त्या वाटीत काय आणि किती दाट आहे हा आहे.

या प्रश्नाचे उत्तर इथल्या, खानदेशातल्या, पिठाच्या डब्यातच होते. कळण्याची भाकरी इथे घरोघरी होते. ज्वारीत उडीद मिसळून दळायचे, साधारण चार भाग ज्वारी आणि एक भाग उडीद. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असते आणि ते उडदात भरपूर असते, उडदात जे कमी पडते ते ज्वारी भरून काढते. आपल्या आज्यापणज्यांनी हे मिश्रण चवीसाठी आणि कष्टाच्या कामाला टिकणारे म्हणून केले असेल, पण मुलाच्या वाढीला नेमके तेच लागते. मात्र ही भाकरी ठेच्याबरोबर मोठ्या माणसांच्या ताटात जाते आणि त्याच घरातल्या वर्षाच्या मुलाला पाणी मिळते. आम्ही ठरवले की बाहेरचा एकही पदार्थ आणायचा नाही. ज्वारी आणि सालीशिवायची उडदाची डाळ खरपूस भाजून दळायची, आणि त्या पिठाचा घाटा, म्हणजे दाट लापशी, शिजवायचा. तीस ग्रॅम पीठ, दोन चमचे बारीक कुटलेले शेंगदाणे, एक लहान चमचा तेल आणि थोडा गूळ, एवढ्याने वाटीत सव्वादोनशे किलोकॅलरीच्या आसपास शक्ती येते. त्यातल्या पंचेचाळीस एकट्या चमचाभर तेलाच्या असतात. दिवसात अशा दोन वाट्या, शिवाय एखादे केळे किंवा अंडे आणि घरातल्या डाळीत कुस्करलेली भाकरी, असा तो हिशेब होता.

धान्याला मोड आणून, वाळवून, दळले तर घाटा कमी घट्ट होतो आणि तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते, हे आम्हाला माहीत होते आणि ते दाखवायचा मोहही झाला. पण इथले मुख्य धान्य ज्वारी आणि मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबात व मुळ्यांत विषारी द्रव्य तयार होते. कोवळी ज्वारी चरून जनावर दगावते हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. अर्धवट लक्षात राहिलेली कृती घरी जाऊन कोणी ज्वारीवर केली असती तर काय झाले असते, या विचाराने आम्ही मोडाचा भाग पूर्ण वगळला. सार्वजनिक कार्यक्रमात जे दाखवायचे ते चुकीचे आठवले तरी अपाय होणार नाही असेच असावे, या मताची मी तेव्हापासून आहे.

मेळाव्यासाठी दिवाळीआधीच्या दोन बाजारांपैकी एक निवडला, आणि जागा शाळेऐवजी ताडपत्रीवाल्यांच्या ओळीमागची मोकळी जमीन. जी कुटुंबे निघणार ती ताडपत्री घ्यायला येणारच. वेळ सकाळी नऊ ते दुपारी एक, कारण त्यानंतर लहान मुले झोपेला येतात आणि शिजवलेले अन्नही उन्हात फार वेळ ठेवणे बरे नाही. चौथऱ्याऐवजी तीन दगडांच्या सहा चुली मांडल्या. पडावावर, म्हणजे फडाजवळच्या मजुरांच्या मुक्कामावर, याच चुलीवर शिजवायचे असते, मग गॅसवर दाखवून उपयोग काय?

खर्चासाठी बाजारातल्या व्यापाऱ्यांकडे गेलो तेव्हा एकाने सगळा मांडव स्वतःच्या खर्चाने घालून देण्याची तयारी दाखवली. त्याबदल्यात बाळांच्या डब्यातल्या पिठाचा मोठा फलक लावायचा आणि नमुन्याच्या पुड्या वाटायच्या, अशी अट होती. माणूस मनाने चांगला होता, त्याला त्यात गैर काही वाटत नव्हते. परंतु १९९२ चा अर्भक दुग्धपर्यायाबाबतचा कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांखालील मुलांच्या अशा उत्पादनांची जाहिरात आणि नमुनेवाटप करण्यास मनाई करतो. कायदा नसता तरी आम्ही नाहीच म्हटले असते, कारण तो फलक लागला असता तर चुलीवरचा घाटा आईला गरिबाचे अन्न वाटला असता. मांडव लहान झाला. धान्य, शेंगदाणे आणि गूळ बचत गटांनी घरून आणला.

त्या दिवशी आलेल्या बाईने पाहायचे नव्हते, शिजवायचे होते. आधी साबणाने हात धुणे, मग तिच्या हाती पिठाची वाटी. त्या स्टीलच्या वाटीत आतल्या बाजूने आम्ही खिळ्याने एक रेघ ओढून ठेवली होती. रेघेपर्यंत पीठ घेतले की ते तीस ग्रॅम भरत असे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला वजनकाट्याशिवाय माप कळावे यासाठी ही रेघ. घाटा किती दाट हवा, तेही चमच्यावर दाखवले. चमचा तिरका केला तर घाट्याने धार धरू नये, गोळा होऊन सावकाश घसरावे. एका आजीने तेलाचा चमचा पाहून हात धरला आणि विचारले, "इतलं तेल पोऱ्याले पची का, माय?" तेलाने खोकला होतो हा समज सगळ्याच पाड्यांवर आहे. आम्ही वाद घातला नाही. पहिले काही दिवस अर्धा चमचा, पुढे पूर्ण, असे सांगितले आणि तिच्या नातवाला तिच्याच हाताने भरवायला लावले. नऊ महिन्यांच्या त्या मुलाने निम्मी वाटी संपवली तेव्हा ती शेजारणीला स्वतःच समजावू लागली. मला वाटते, त्या क्षणापासून आमचे काम कमी झाले.

काही गोष्टींत आम्ही काटेकोर राहिलो. सहा महिन्यांखालील बाळाला आईच्या दुधाशिवाय एक थेंबही द्यायचा नाही, म्हणून अशा आईला बाळाऐवजी तिचीच ताटली वाढली, कळण्याची भाकरी, उडदाची डाळ आणि गूळ-शेंगदाणे. अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा कोणत्याही लहान मुलाच्या हाती जाऊ दिला नाही, कारण तो घशात अडकतो. शेंगदाण्याचे कूट पिठात आधीच मिसळून दिले नाही. ते लवकर खवट होते आणि दमट जागी बुरशी धरते. न फोडलेल्या शेंगा बरोबर न्याव्यात आणि लागतील तशा फोडून कुटाव्यात, असे सांगितले. मोजमाप या वेळी मांडवात अजिबात नव्हते. बाजाराजवळच्या अंगणवाडीच्या खोलीत आरोग्यसेविका बसली होती आणि तिथे एका वेळी एकाच आईला, तेही तिची इच्छा असेल तरच, नेले जात असे. त्या दिवशी तिथे लाल पट्टीत आलेल्या दोन मुलांपैकी एकाच्या दोन्ही पावलांवर सूज होती. असे मूल घाट्याने बरे होत नाही, त्याला घरी भरवत बसणे धोक्याचे असते. त्याला रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते आणि तिथे सुरुवातीला वेगळ्याच, मोजून दिलेल्या दुधाळ आहारावर ठेवतात. त्याचा बाप उचलीचे पैसे खर्चून बसला होता आणि गाडी सहा दिवसांनी निघणार होती. अर्धा तास बोलणे झाले. शेवटी तो आणि मोठा मुलगा पुढे गेले, आई बाळाला घेऊन थांबली. ऊस तोडायला नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात; ती जोडी मोडली म्हणजे त्या घराची निम्मी कमाई गेली. त्या माणसाने घेतलेला निर्णय किती जड होता, हे आम्ही विसरू नये.

मुकादमांना बोलावण्याचा विचार आमच्यातल्या एका वयस्क मावशींचा. सुरुवातीला मला तो पटला नव्हता, कारण उचलीच्या जाचाबद्दल आमच्या मनात राग होता. पण फडावर आई मुलाला केव्हा भरवू शकते हे मुकादमाच्या हाकेवर ठरते. चार मुकादम आले आणि त्यांनाही चुलीशी बसवून घाटा चाखायला दिला. त्यातल्या एकाने सर्वांसमोर मान्य केले, की न्याहारीच्या वेळी मुलाला भरवून होईपर्यंत तो बाईला मोळ्या भरायला हाक मारणार नाही. हे फार मोठे आश्वासन नव्हते, तरी त्या टोळीतल्या बायकांनी ते नंतर त्याला आठवण करून देऊन पाळायला लावले.

निघताना बावीस कुटुंबांना दोन-दोन किलो भाजलेले पीठ आणि रेघ असलेली वाटी दिली. दोन वाट्यांच्या हिशेबाने ते महिनाभर पुरणार होते. अंगणवाडीत पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपवरील मुलाची नोंद फडाजवळच्या अंगणवाडीकडे वळवता येते, हेही प्रत्येकीला सांगितले, पण होळीनंतर विचारता तसे करू शकलेली एकच आई निघाली. पडाव रस्त्यापासून दूर शेतात असतो आणि तिथली भाषा वेगळी.

होळीनंतर आम्ही एकोणीस कुटुंबांना भेटू शकलो. मुलांच्या वजनात काय फरक पडला, यावरून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही. पाच महिन्यांत जुलाब, ताप, थंडी, दूध सुटणे असे बरेच काही घडलेले असते आणि एका मेळाव्याचे श्रेय-अपश्रेय त्यातून वेगळे काढता येत नाही. वापराबद्दल मात्र स्पष्ट सांगता येते. पीठ सगळ्यांनी संपेपर्यंत वापरले होते. संपल्यावर पुन्हा दळून घेतले ते सातच कुटुंबांनी. इतरांनी कारण सांगितले ते गिरणीचे. पडावापासून गिरणी लांब, आणि दळण आणायचे ते आठवड्याच्या बाजाराला गाडी गेली तरच. आम्ही पीठ दिले, शिजवायला शिकवले, आणि दळण कुठे होणार हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची होती. पहाटे तीनच्या सुमारास आई भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडावर जाते. दिवसभर मूल असते थोरल्या बहिणीपाशी. एकोणीसपैकी अकरा कुटुंबांत घाटा शिजवून भरवणारी आठ ते अकरा वर्षांची मुलगी होती. आम्ही आयांना शिकवले, आज्यांना शिकवले, मुकादमांना बसवले, आणि मेळाव्याच्या दिवशी या मुली चुलीजवळ गर्दी करू लागल्या तेव्हा भाजतील म्हणून त्यांनाच मागे सारले. वरच्या एका पाड्यावरच्या मुलीने तिची वाटी आणून दाखवली. आमच्या रेघेच्या वर तिने खिळ्याने दुसरी रेघ ओढली होती. भाऊ चालायला लागल्यावर पहिल्या रेघेएवढ्याने त्याचे पोट भरेना, म्हणून.

तिचे नाव गावच्या शाळेत तिसरीच्या हजेरीपटावर आहे आणि त्या पटावर तिच्यापुढे पाच महिने गैरहजेरी लागली आहे. पालक स्थलांतरित झाल्यावर मुलांनी गावात राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते, आणि तिने तिथे राहावे असे मला मनापासून वाटते. पण ती राहिली तर फडावर तिच्या भावाला कोण भरवणार, याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. येत्या बाजारासाठी त्या चार मुकादमांशी बोलणे सुरू केले आहे, की प्रत्येक टोळीमागे एक वयस्क बाई पडावावर मुलांजवळ ठेवावी आणि तिची मजुरी टोळीने मिळून उचलावी. दोघे तयार आहेत. तिसरा म्हणतो, आधी अशी बाई दाखवा. वरच्या पाड्यावरची ती आजी, जिने तेलाचा चमचा पाहून हात धरला होता, जायला तयार झाली आहे, मात्र दळण आठवड्याला मिळेल याची हमी तिने आधी मागितली आहे.